चाक हलायला लागले, तर : प्रस्तावना

ही पुस्तिका सायकलच्या एका लहान भागाविषयी आहे. खडकाळ, चढउताराच्या वाटांसाठी बनवलेल्या गेअरच्या सायकलीला आपण माउंटन बाइक म्हणतो. तिच्या चाकाच्या मधोमध हब असतो आणि हबच्या आत बेअरिंग. ते झिजले की घरच्या घरी कसे ओळखावे, कसे काढावे आणि नवे कसे बसवावे, एवढाच या पुस्तिकेचा विषय. एवढ्याशा गोष्टीला लांबलचक प्रस्तावना कशाला, असे कुणालाही वाटेल. पण कृती लिहून देणे सोपे असते. ती तशीच का करायची हे कळले नाही, तर हातोड्याच्या दोन घावांत नवे बेअरिंगही जुन्याइतकेच निकामी होते. ते 'का' इथे सांगतो आहे.

परळी वैजनाथ हे ज्योतिर्लिंगाचे गाव, रेल्वेचे जंक्शन आणि औष्णिक विद्युत केंद्राचे शहर. बालाघाटाच्या डोंगररांगेला लागून असल्यामुळे गावाबाहेर पडले की चढ लागतो. अंबाजोगाईचा रस्ता घाटाचा आहे, नागापूरच्या धरणाकडे आणि धर्मापुरीच्या किल्ल्याकडे जाताना डांबरी सोडून कच्च्या वाटेला लागता येते, आणि माळावरच्या पाणंदींना तर अंतच नाही. गेल्या काही वर्षांत सकाळी या वाटांवर गेअरच्या सायकली दिसू लागल्या आहेत. कुणी नवी घेतली, कुणी पुण्याहून वापरलेली आणली. सायकली आल्या, पण त्यांची देखभाल त्यांच्यामागून आली नाही. कंपनीचे सर्व्हिस सेंटर गाठायचे तर मोठे शहर गाठावे लागते, आणि चाक एसटीतून नेऊन-आणून दोन दिवस मोडतात. त्यामुळे होते काय, की चाक कुरकुरत असले तरी तसेच दामटले जाते. पुढे एक दिवस बेअरिंगबरोबर हबही जातो, आणि शंभरातल्या कामाचे हजारांत रूपांतर होते.

आपल्याकडच्या सायकल मिस्त्रींचा हात या विद्येत कच्चा नाही. काळ्या चोवीस इंची सायकलीचे हब त्यांनी आयुष्यभर उघडले आहेत. कोन, वाटी आणि छर्रे हे शब्द आपल्याला त्यांनीच दिले. रॉकेलमध्ये छर्रे धुऊन, वाटीत ग्रीस भरून, त्यात एकेक छर्रा चिकटवत बसवणारा मिस्त्री ज्याने पाहिला आहे, त्याने या विषयाचा पहिला धडा गिरवलाच आहे. नव्या सायकलीत फरक पडला तो बांधणीत. सुट्या छर्‍यांच्या जागी अनेक हबमध्ये आता बंद बेअरिंग येते आणि ते दाबून बसवलेले असते. ते काढायची आणि घालायची रीत वेगळी आहे.

थोडे मागे जाऊन पाहू. फिरणारा दांडा आणि स्थिर घर यांच्यामध्ये गोळ्या ठेवल्या, तर घासण्याच्या जागी लोळणे येते आणि विरोध कितीतरी कमी होतो. ही कल्पना जुनी. वेल्समधल्या फिलिप वॉन याने १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी अशा रचनेचे पेटंट घेतले होते. पण तिला खरे गिऱ्हाईक मिळाले ते सायकलमुळे. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने १८६९ मध्ये सायकलच्या चाकासाठी बॉल बेअरिंगचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर याने बॉल बेअरिंगच्या सायकलीवर जिंकली. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीड्रिश फिशर याने पोलादी गोळ्या एकसारख्या मापाच्या आणि अगदी गोल घासणारे यंत्र तयार केले. छर्रे स्वस्त आणि अचूक झाले ते तेव्हापासून. पुढे मोटारी, पंखे, पंप, सूतगिरण्या यांच्यात हेच बेअरिंग गेले. हे तंत्र सायकलीने आधी पोसले, मग ते साऱ्या यंत्रयुगाने वापरले.

मराठी माणसाच्या उद्योगाचा इतिहासही या चाकाशी जोडलेला आहे. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. सायकली विकणे, त्या दुरुस्त करणे, लोकांना चालवायला शिकवणे अशी त्या दुकानाची सुरुवात. कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर नंतर आले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकल उघडून पाहणारा माणूस यंत्र समजू लागतो आणि यंत्र समजलेला माणूस पुढे काय करील याला मर्यादा नसते, हे त्या दुकानाने दाखवले. घरी हब उघडणाऱ्या शाळकरी मुलाकडे मी याच आशेने पाहतो.

माउंटन बाइकचा जन्मही हबच्या ग्रीसशी बांधलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर १९७६ मध्ये काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींची शर्यत लावली. पेडल उलटे दाबून लावायचा ब्रेक त्या सायकलींच्या मागच्या हबमध्येच होता. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर व्हायचा, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. त्या तरुणांतले जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली हे पुढे या सायकलीचे निर्माते म्हणून जगभर ओळखले गेले. त्यांना आपल्या सायकली स्वतःच उघडाव्या लागत होत्या.

आता मुख्य प्रश्न. बेअरिंग मरते कशाने? बहुतेकांचे उत्तर असते : वजनाने, वापराने. हिशेब करून पाहू. सव्वीस इंची चाक एका किलोमीटरला साधारण ४८० फेरे घेते. परळी ते अंबाजोगाई सुमारे २५ किलोमीटर धरले, तर एका खेपेत बारा हजार फेरे झाले. हबमध्ये नेहमी आढळणाऱ्या ६००० क्रमांकाच्या बेअरिंगची भारक्षमता साडेचार किलोन्यूटनच्या आसपास असते. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलो धरले, तर एका बेअरिंगच्या वाट्याला या क्षमतेच्या जेमतेम अठराव्या हिश्श्याएवढा भार येतो. भार निम्मा झाला की आयुष्य आठपट होते, हा बेअरिंगचा नियम. त्या नियमाने कागदावर मांडले, तर हे बेअरिंग लाखो किलोमीटर चालायला हवे. खड्ड्यांचे धक्के आणि वळणावरचा बाजूचा ताण धरून आकडा खाली आणला, तरी एका माणसाच्या हयातीत ते नुसत्या भाराने संपणार नाही. प्रत्यक्षात मात्र दोन पावसाळ्यांत चाक खरखरू लागते. याचा अर्थ ते वजनाने मरत नाही. ते मरते पाण्याने, धुळीने आणि चुकीच्या हातोड्याने. या पुस्तिकेत सांगण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती ही, कारण या तिन्ही गोष्टी सायकल ज्याची त्याच्या हातात असतात.

पाण्याचे आधी पाहू. बंद बेअरिंगच्या दोन्ही अंगांना रबरी सील असते. पावसाच्या सरी ते सोसते. पण वॉशिंग सेंटरवर मोटारसायकलीसारखा जोराचा फवारा हबवर मारला की पाणी सीलच्या ओठाखालून आत शिरते आणि तिथेच राहते. ग्रीस पाण्याबरोबर घुसळले जाऊन दुधाळ होते, मग गंज धरतो आणि गंजाचा रंग ग्रीसला येतो. पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल नेली तर चिकण माती हबभोवती लिंपली जाते. ती वाळली की सीलचा ओठ खाते.

धुळीच्या बाबतीत परळीची गोष्ट वेगळी आहे. आपल्या औष्णिक केंद्रांत जळणाऱ्या देशी कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते. केंद्राच्या आसपास आणि राखेच्या गाड्यांच्या रस्त्यांवर ती सायकलीवर बसते. ही राख मऊ वाटते, पण तिचे कण मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना यांचे असतात. त्यांची मापे काही मायक्रॉनपासून शंभर मायक्रॉनपर्यंत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चालत्या बेअरिंगमध्ये छर्रा आणि रिंग यांच्यामध्ये वंगणाचा जो थर तयार होतो तो एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, आणि त्या थरावरच सगळे तरलेले असते. त्यात राखेचा कण शिरला की तो थर फोडून दोन्हीकडच्या पोलादावर ओरखडा काढतो. मग राख आणि ग्रीस मिळून इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखे काम करू लागतात. याच केंद्रातला टर्बाइनचा रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेत तेलाच्या पातळ थरावर फिरतो, आणि ते तेल सतत गाळून स्वच्छ ठेवले जाते. ताशी २० किलोमीटरने चाललेल्या सायकलचे चाक मिनिटाला फक्त १६० फेरे घेते. वेग कमी, भार कमी, पण वंगण स्वच्छ राहिले पाहिजे हा नियम दोन्हीकडे तोच.

चाक बिघडले हे ओळखायचे कसे? "दादा, चाक हलायलंय, बघा बरं," असे म्हणत कुणी सायकल आणतो, तेव्हा प्रत्येक वेळी दोष बेअरिंगचाच असतो असे नाही. हँडलचा कोन ढिला असेल तरी पुढचे चाक हलल्यासारखे वाटते. रिम आऊट असेल तर चाक लहरत फिरते. क्विक रिलीज नीट आवळलेले नसेल तरी हेच. म्हणून आधी चाक सायकलीत असताना रिम वरच्या बाजूला धरून आडवी हलवायची. मग चाक उचलून फिरवायचे आणि एक हात फोर्कवर ठेवायचा. खराब बेअरिंगची थरथर कानाआधी तळहाताला कळते. शेवटी चाक काढून एक्सल किंवा बेअरिंगची आतली रिंग बोटाने हळूहळू फिरवायची. चांगले बेअरिंग लोण्यातून फिरते, झिजलेले अडखळत, बारीक खाचा मोजत फिरते. शंका उरली तर सीलच्या आतल्या कडेखाली सुई घालून सील हलकेच उचलावे. आत स्वच्छ ग्रीस दिसले तर नवे ग्रीस भरून सील परत दाबता येते. तांबूस किंवा राखाडी गाळ दिसला तर धुवत बसू नये. ते बेअरिंग बदलायचे.

इथे हबच्या दोन जातींतला फरक लक्षात घ्यावा लागतो. कोन-वाटीच्या हबमध्ये पुढे बहुधा ३/१६ इंचाचे आणि मागे १/४ इंचाचे सुटे छर्रे असतात. छर्रे आणि कोन बदलता येतात, पण वाटी बहुतेक वेळा हबचाच भाग असते आणि तिला खड्डे पडले की हब गेला. अशा हबमध्ये बदलण्यापेक्षा वेळेवर उघडून ग्रीस भरणे मोलाचे. बंद बेअरिंगच्या हबमध्ये झिजणारा भाग पूर्णपणे वेगळा काढून ठेवलेला आहे. हब टिकावा म्हणून बेअरिंगने झिजायचे, अशी ती योजना. पण झिजलेले बेअरिंग आतच राहू दिले तर ते आपल्या घरात फिरू लागते, अॅल्युमिनियमचे घर खाते आणि योजनेचा उद्देशच हरतो.

आता हातोड्याचे. बेअरिंगला दोन रिंगा असतात, बाहेरची हबमध्ये घट्ट आणि आतली एक्सलवर. दोन्हींच्या मधे छर्रे. नवे बेअरिंग हबमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर ठोकले तर तो सगळा जोर छर्‍यांमधून जातो आणि प्रत्येक छर्रा रिंगच्या मार्गावर आपला ठसा उमटवतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण त्याच दिवसापासून बेअरिंग खरखरू लागते आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. काढताना परिस्थिती उलटी असते. आतून पंच लावून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे ठोकत बाहेर आणायचे, तर पंच टेकायला जागा आतल्या रिंगचीच मिळते. म्हणून काढलेले बेअरिंग, कितीही चांगले वाटले तरी, परत वापरायचे नाही. पुस्तिकेतली बहुतेक कृती या एका तत्त्वातून निघाली आहे.

बसवण्यासाठी महागड्या प्रेसची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात आटे पाडलेली सळई मिळते. ती, तिचे दोन नट, काही जाड वायसर आणि बाहेरच्या रिंगएवढ्या मापाच्या गोटीपान्याच्या दोन गोट्या, एवढ्यात काम होते. सळई हबमधून आरपार घालायची, बेअरिंग सरळ टेकवायचे आणि नट सावकाश फिरवायचा. पान्याला एकसारखा जोर लागत राहतो आणि बेअरिंग तळाला टेकले की एकदम कडक होतो. तिथे थांबायचे. मधेच एका बाजूला जोर जास्त लागतोय असे वाटले तर बेअरिंग तिरपे जात आहे. लगेच परत घेऊन सरळ करावे, कारण पोलाद अॅल्युमिनियमला खरवडून पुढे जाईल आणि ती जखम भरत नाही. दोन बेअरिंगच्या मधे नळी असेल तर दुसरे बेअरिंग घालण्याआधी ती आत ठेवलीच पाहिजे. नळी विसरली किंवा दुसरे बेअरिंग गरजेपेक्षा जास्त दाबले, तर दोन्ही बेअरिंग एकमेकांवर रेटली जातात आणि चाक जड फिरते.

मग बेअरिंग आणायचे कुठून? इथे परळीकराला एक सोय आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बेअरिंगची मापे जगभर एकच ठरलेली आहेत आणि ती क्रमांकात लिहिलेली असतात. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे माप सांगतात : ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचाने गुणायचे. ६००० म्हणजे १० बाय २६ बाय ८, ६००१ म्हणजे १२ बाय २८ बाय ८. छताच्या पंख्यात ६२०१ आणि ६२०२ असतात, विहिरीवरच्या मोटारीत याच कुळातली मोठी. म्हणजे सायकलच्या दुकानात जे मिळत नाही, ते मोंढ्यातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे किंवा पंपाचे सुटे भाग विकणाऱ्याकडे मिळू शकते. जुने बेअरिंग पुसून त्यावरचा क्रमांक वाचावा आणि तोच मागावा. मात्र क्रमांकापुढची अक्षरे नीट पाहावीत. 'झेडझेड' म्हणजे पत्र्याचे झाकण. ते कोरड्या जागी फिरणाऱ्या मोटारीला चालते, पण पाणी अडवत नाही. आपल्याला '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले हवे. ६८०२, ६८०३, ६९०२ अशी पातळ बेअरिंगे नव्या हबमध्ये असतात. ती मोंढ्यात बहुधा मिळत नाहीत, मागवावी लागतात. चाक खोलण्याआधी ती हातात असलेली बरी.

काही कामे घरी करू नयेत, तेही इथेच सांगतो. मागच्या चाकाच्या फ्रीहबमधली बेअरिंगे अनेकदा खास हत्याराशिवाय निघत नाहीत. नवे बेअरिंग हाताच्या अंगठ्याने सहज आत जात असेल तर हबचे घर खाल्ले गेले आहे. चिकट द्रव लावून काही दिवस निभावता येईल, पण घाट उतरायला तो हब वापरू नये. बेअरिंगचे पोलाद कडक असते आणि घाव बसला की त्याची कपची उडू शकते, म्हणून ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच. डिस्क ब्रेकच्या चकतीला आणि पॅडला ग्रीसचा हात लागता कामा नये. काम झाल्यावर पहिली फेरी सपाट रस्त्यावर, कमी वेगाने मारावी, एक्सलची आवळणी परत तपासावी, आणि मगच अंबाजोगाईचा घाट.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे. आधी दोष ओळखणे, मग कोन-वाटीचा हब, मग बंद बेअरिंगचे पुढचे चाक, शेवटी मागचे. क्रमांकांचा तक्ता आणि हत्यारांची यादी शेवटी दिली आहे. नवख्याने सुरुवात पुढच्या चाकापासून करावी. त्यात गेअर नाहीत, साखळी नाही, आणि तत्त्व तेच आहे. आधी एखादा टाकाऊ हब मिस्त्रीकडून मागून घ्यावा आणि त्यावर हात बसवावा. मिस्त्री तो आनंदाने देतात, शेजारी बसवून दाखवतातही. त्यांच्या धंद्यावर ही पुस्तिका गदा आणेल असे कुणाला वाटू नये. ज्याला आपल्या सायकलचे आतले कळते, तो चांगल्या कारागिराची किंमतही जास्त ओळखतो.

शाळांनी आणि तंत्रनिकेतनांनीही याकडे पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घर्षण, भार, वंगण, मापांची अचूकता, प्रमाणीकरण हे सगळे धडे एका हबमध्ये आहेत, आणि तो हब मुलांच्या घरी व्हरांड्यात उभा आहे. एक सळई, दोन नट आणि दोन गोट्या यांच्यात एका वर्गाचे प्रात्यक्षिक होते. वाचकांना माझे एवढेच सांगणे, की हे पुस्तक वाचून ठेवू नका. या रविवारी पुढचे चाक काढा, आतली रिंग बोटाने फिरवून पाहा, आणि जे कळले ते घरातल्या लहान मुलाच्या बोटालाही कळू द्या.

परळी वैजनाथ